गाडी सस्स करतेय आणि ब्रेक कडक लागतोय? मग घाटाचं नंतर बघू

देवगडजवळच्या एका गावातून पत्र आलंय, थोडं छोटं करून देतो:

"काका नमस्कार. मी शाळेत शिकवते, शाळा घरापासून १४ किलोमीटर, रोज मीच गाडी चालवत जाते. गाडी पेट्रोल आहे, ८ वर्षं जुनी, बाबांनी घेतलेली. गेले पंधरा दिवस बॉनेटमधून सतत सस्स असा आवाज येतोय, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ निसटते ना तसा. सकाळी स्टार्ट केली की लगेच सुरू. गाडी उभी असली की जास्त, रेस दिली की कमी होतो, किंवा इंजिनच्या आवाजात ऐकूच येत नाही. आरपीएमचा काटा ९०० वरून १२०० वर जातो, परत खाली येतो. चेक इंजिनची पिवळी लाईट लागलीय. शेजारचे म्हणतात गाडी गरम होतेय, पाणी घाल. गॅरेजवाला म्हणतो थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल, १८ हजार. पुढच्या आठवड्यात आईला डॉक्टरांकडे कोल्हापूरला न्यायचंय, फोंडा घाटाने. तोपर्यंत चालेल ना? आणि हो, बाबा म्हणतात हल्ली ब्रेक जरा कडक लागतो, पण त्यांचे गुडघे दुखतात म्हणूनही असेल."

पोरी, तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू शेवटी "आणि हो" म्हणून लिहिलीस. बाबांच्या गुडघ्यांना दोष देऊ नकोस, निदान आत्ता तरी नको. बॉनेटमधून सस्स आवाज, उभ्या गाडीत काटा वरखाली आणि ब्रेक कडक, हे तिन्ही एकत्र आले की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते ब्रेकच्या बूस्टरचं आणि त्याला जाणाऱ्या व्हॅक्यूम पाइपचं. बाकी काहीही असू शकतं, तेही सांगतो, पण हे तपासल्याशिवाय आईंना घेऊन फोंडा घाट चढायचा नाही आणि उतरायचा तर अजिबात नाही. अपॉइंटमेंट पुढे ढकलता येत नसेल तर कणकवलीहून एसटी आहे, भाड्याची गाडी आहे. शाळेचे १४ किलोमीटरसुद्धा खालच्या टेस्ट होईपर्यंत कोणाच्या तरी मागे बसून जा.

आता हे असं का म्हणतोय ते नीट समजून घे, म्हणजे गॅरेजमध्ये तुला कोणी गोंधळात टाकणार नाही.

पेट्रोलचं इंजिन म्हणजे एक मोठा पंप आहे, हवा ओढणारा. तू पाय ॲक्सिलरेटरवरून काढलास की थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, झडप जवळजवळ बंद होते, पण पिस्टन तर हवा ओढतच असतात, त्यामुळे झडपेच्या पलीकडे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, जोरदार ओढ तयार होते, तिथे बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश दाब उरतो. हाच व्हॅक्यूम. आता या भागाला जोडलेल्या कुठल्याही पाइपला चीर गेली, क्लिप सैल झाली, जोडातलं गॅस्केट खराब झालं, की बाहेरची हवा त्या फटीतून आत घुसते आणि घुसताना सस्स करते. वाऱ्याच्या दिवसात खिडकीच्या फटीतून शिट्टी येते तसंच. तू रेस दिलीस की झडप उघडते, आतली ओढ कमी होते, आवाजही कमी होतो. तू लिहिलंयस "उभी असली की जास्त, रेस दिली की कमी", आणि तेही सकाळी थंड इंजिनला लगेच, हे अगदी व्हॅक्यूम लीकचं लक्षण आहे. काटा का नाचतो तर थ्रॉटलला चुकवून जास्तीची हवा आत येते, स्पीड वाढतो, कॉम्प्युटर तो खाली आणायला बघतो, परत वाढतो, असं चालू राहतं. लाईट त्याच्यामुळेच लागली असणार. स्कॅनर लावला तर बहुतेक पी-०१७१ नाहीतर पी-०५०७ असा कोड दिसेल, पहिल्याचा अर्थ हवा जास्त पेट्रोल कमी, दुसऱ्याचा अर्थ आयडलचा, म्हणजे रेस न देता इंजिन चालतं तो, स्पीड पाहिजे त्यापेक्षा जास्त.

आणि शेजारच्यांचं म्हणणं, गरम झाली म्हणून आवाज, ते तुझ्या बाबतीत पटत नाही, कारण रात्रभर उभी असलेली थंड गाडी पहिल्या मिनिटात वाफ कुठून सोडेल? हा एकच प्रश्न विचारला तरी अर्धं निदान होतं. माझ्याकडे गॅरेजमध्ये म्हातारे गिऱ्हाईक यायचे, त्यातले एक आजोबा मला शिकाऊ असताना म्हणाले होते, "गाडी काय सांगता ता आधी आयक, मगे पानो उचल." ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. आवाज कधी येतो, थंड असताना की तापल्यावर, उभी असताना की चढावर, बंद केल्यावर की चालू असताना, हे कागदावर लिहून गॅरेजला नेलंस तर मेकॅनिकचा तासभर वाचतो आणि तुझे पैसे.

आता ब्रेक. बॉनेट उघडलंस की ड्रायव्हरच्या बाजूला, काचेच्या खालच्या पत्र्याला चिकटून एक काळा गोल डबा दिसेल, मोठ्या थाळीएवढा, त्याच्या पुढे ब्रेक ऑइलची बाटली. तो डबा म्हणजे बूस्टर. आत रबरी पडदा असतो, एका बाजूला इंजिनचा व्हॅक्यूम, आणि तू पेडल दाबलंस की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा येते, ती हवा पडद्याला ढकलते आणि तुझ्या पायाची ताकद कितीतरी पटीने वाढवते. मॅनिफोल्डपासून या डब्यापर्यंत एक जाडसर पाइप येतो आणि त्यात एक नॉन रिटर्न व्हॉल्व असतो, म्हणजे इंजिन बंद पडलं तरी डब्यात दोनतीन ब्रेकपुरता व्हॅक्यूम शिल्लक राहावा. हा पाइप फाटला, व्हॉल्व गेला किंवा आतला पडदा फाटला तर ब्रेक नाहीसा होत नाही, ते लक्षात ठेव, घाबरून जाऊ नकोस, पण तोच ब्रेक लावायला दोन्ही पाय दाबावेत एवढा जोर लागतो. सपाट रस्त्यावर तीसच्या स्पीडला हे निभावतं. फोंडा घाटात उतारावर वळणामागून लाकडाचा ट्रक आला तर निभावत नाही.

टेस्ट तीन आहेत, पाच मिनिटांच्या, एकही पाना लागत नाही. अंगणात सपाट जागी कर, चाकाला दगड लाव, गियर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. बंद गॅरेजमध्ये किंवा मांगरात इंजिन चालू ठेवायचं नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस मारतो.

पहिली, इंजिन बंद ठेवून पेडल पाचसहा वेळा पूर्ण दाब, हळूहळू ते कडक होईल. कडक झालं की पाय तसाच दाबून ठेव आणि स्टार्ट कर. इंजिन चालू होताच पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. पेडल दगडासारखं जागच्या जागी राहिलं तर मिळत नाहीये, पाइप किंवा व्हॉल्व किंवा बूस्टर, तिघांपैकी एक.

दुसरी, इंजिन दोन मिनिटं चालव, बंद कर, मग पेडल दाब. पहिल्यांदा खोल जाईल, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा अजून कमी, असं झालं तर चांगलं. पहिल्याच दाबाला कडक लागलं तर बूस्टर व्हॅक्यूम धरून ठेवत नाही.

तिसरी, इंजिन चालू असताना पेडल दाबून धर, तसंच धरून इंजिन बंद कर आणि ३० सेकंद थांब. पेडल तिथेच राहायला हवं. वर ढकललं गेलं तर कुठेतरी गळती आहे. हे करताना रेडिओ पंखा बंद ठेव आणि कान पेडलकडे दे. पेडल दाबताना क्षणभर फुस्स होणं बऱ्याच गाड्यांत नॉर्मल असतं, पण दाबून धरल्यावर आवाज चालूच राहिला, किंवा पेडल दाबलं की सस्स वाढतं आणि सोडलं की कमी होतं, तर बूस्टर आतून गेलाय असं समज.

यातली एकही टेस्ट नापास झाली तर पुढचं वाचून स्वतः खटपट करत बसू नकोस, मेकॅनिकला घरी बोलव. गाडी न्यावीच लागली तर दुसरी गाडी पुढे ठेवून, दुसऱ्या गियरमध्ये, बाजाराची वेळ टाळून.

तिन्ही पास झाल्या तर मग बाकीचं शोधू. सकाळी लवकर, शांत असताना, इंजिन थंड असताना. ओढणी काढून ठेव, केस घट्ट बांध, बांगड्या उतरव. इंजिन चालू असताना पट्टा आणि पंखा फिरत असतो आणि रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा तर काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरसुद्धा अचानक सुरू होतो, मी बोटं गेलेली माणसं बघितलीत म्हणून सांगतोय. झाडांना पाणी घालायचा पाइप असेल त्याचा मीटर दीड मीटरचा तुकडा घे, एक टोक कानाजवळ धर, कानात खुपसू नकोस, दुसरं टोक एकेका पाइपच्या जोडावरून हळूहळू फिरव. जिथे आवाज एकदम कानात भरतो तिथे थांब. नुसत्या कानाने बॉनेटमधला आवाज कुठून येतो ते कळत नाही, पत्र्यावर आपटून फिरतो, पाइपने मात्र दोन बोटांच्या अंतरापर्यंत जागा कळते.

कुठे कुठे फिरवायचा तर बूस्टरचा जाड पाइप दोन्ही टोकांना, मग इंजिनच्या वरच्या कव्हरमधून मॅनिफोल्डकडे जाणारा पीसीव्हीचा पाइप, हा तेलाच्या वाफेने आतून फुगून मऊ पडतो आणि वाकणाच्या खालच्या बाजूला फाटतो म्हणजे वरून बघितलं तर दिसतही नाही, मग पेट्रोल टाकीच्या वाफेचा बारीक पाइप, मग मॅनिफोल्ड जिथे इंजिनला बसतो तो जोड. तेल भरायचं झाकण आणि डिपस्टिक नीट बसलीय का तेही बघ, सर्व्हिसिंगनंतर झाकण अर्धवट राहिल्याने आवाज करणाऱ्या गाड्या माझ्याकडे दरवर्षी एकदोन तरी यायच्या.

जागेचा संशय आला की खात्री करायला साबणाचं पाणी. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, जुन्या रंगाच्या ब्रशने त्या जोडाला लाव. इथे फुगे येणार नाहीत कारण हवा बाहेर येत नाहीये, आत जातेय, त्यामुळे पाणी आत ओढलं जाईल आणि आवाज क्षणभर बदलेल किंवा थांबेल. वायरी, कॉइल आणि अल्टरनेटरवर पाणी टाकायचं नाही. काहीजण अगरबत्तीचा धूर फिरवायला सांगतात, काहीजण कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारतात. मी दोन्हीला नको म्हणतो. पेट्रोलची वाफ, तापलेला एक्झॉस्ट आणि जळती अगरबत्ती एका जागी आणण्याइतकं हे काम घाईचं नाही. गॅरेजमध्ये स्मोक टेस्टचं मशीन असतं, ते इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये धूर सोडतं आणि फट असेल तिथून धूर बाहेर येतो, त्यासारखी पक्की गोष्ट नाही.

आता उंदरांबद्दल, कारण आपल्याकडे या आवाजामागे उंदीर किती वेळा असतो हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पावसात बिळात पाणी भरलं की त्यांना कोरडी उबदार जागा हवी असते आणि संध्याकाळी शाळेतून येऊन उभी केलेली गाडी म्हणजे त्यांच्यासाठी चूलच. मी बॉनेटमध्ये नारळाची शेंडी, आंब्याच्या बाठी, सुक्या मासळीची डोकी, भाताच्या लोंब्या, सगळं बघितलंय. पाइप कुरतडलेला असेल तर चीर सरळ नसते, कडा खरखरीत असते आणि दातांच्या जोडजोड रेघा दिसतात, शिवाय आजूबाजूला काळ्या लेंड्या. आणि इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, त्या लेंड्यांना आणि मुताच्या डागांना उघड्या हाताने हात लावू नकोस. सिंधुदुर्गात लेप्टो, उंदराच्या मुतातून होणारा ताप, काय असतो हे तुला सांगायला नको. हाताला बारीक जखम असली तरी पुरे. रबरी हातमोजे घाल, नंतर साबणाने हात धू. औषध घालून उंदीर मारायला जाऊ नकोस, तो मेलेला उंदीर मांजर खातं, कुत्रा खातो. डांबराच्या गोळ्यांचा मला कधी फारसा उपयोग दिसला नाही. लाकडांची रास आणि गवताची उडवी यांच्यापासून गाडी लांब उभी करणं, डिकीत नारळ आणि तांदळाची पिशवी न ठेवणं, बंद शेडमध्ये उभी असेल तर रात्री बॉनेट उघडं ठेवणं, याने फरक पडतो. खालून शिरायच्या वाटेला तारेची बारीक जाळी लावून दिली होती मी बऱ्याच गाड्यांना, तीही टिकते, फक्त पंख्याच्या आणि एक्झॉस्टच्या वाटेत येऊ द्यायची नाही.

उंदीर नसला तर खारी हवा असते. समुद्राजवळच्या गाड्यांच्या साध्या लोखंडी क्लिपा गंजून झिजतात, फुटतात, पाइप चांगला पण क्लिपच पकडत नाही. नवीन टाकताना स्टेनलेसची क्लिप माग, थोडे रुपये जास्त जातील.

दुरुस्तीचं म्हणशील तर बूस्टरच्या पाइपला टेप, गोंद, एम-सील काही लावायचं नाही, तो बदलायचाच, गाडीच्या मॉडेलचाच आणि व्हॉल्वसकट. हा खर्च तुला सांगितलेल्या १८ हजारांच्या जवळपासही जात नाही. बूस्टरच गेला असेल तर मात्र हजारांत जाईल, तिथे काटकसर करू नकोस, भंगारातला जुना बूस्टर लावू देऊ नकोस. बाकीच्या बारीक पाइपांचं टोक चिरलं असेल आणि पाइपला लांबी असेल तर चिरलेला दोन सेंटीमीटर तुकडा धारदार ब्लेडने सरळ कापून परत घट्ट बसवता येतो. गॅरेजपर्यंत पोचायला चीर कोरडी करून त्यावर टेप किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली तरी दोन दिवस काम भागतं. माशांच्या टाकीचा पारदर्शक पाइप लावणारेही भेटतात, तो व्हॅक्यूमने चेपतो आणि तापला की वितळायला येतो, तो नको.

थ्रॉटल बॉडीबद्दल. गॅरेजवाला चोर आहे असं मी म्हणत नाही, काटा नाचतो म्हटलं की थ्रॉटलचा संशय येतोच, कारण थ्रॉटलमध्ये काजळी साचली तरी आयडल हलतो. पण काजळीला साफसफाई पुरते, आणि बाहेरून हवा घुसत असेल तर नवीन थ्रॉटल लावूनही सस्स तसंच राहील आणि १८ हजार गेलेले असतील. त्याला भांडायला जाऊ नकोस, एवढंच विचार: दादा, बूस्टरचा पाइप आणि नॉन रिटर्न व्हॉल्व काढून बघितलात का, स्मोक टेस्ट करता का, आणि स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय तो आकडा, किती दिसतंय. बऱ्याच गाड्यांत ट्रिम आयडलला २० टक्क्यांच्या पुढे दिसतं आणि २५०० आरपीएमला रेस धरली की खाली येतं, असं दिसलं की व्हॅक्यूम लीक जवळजवळ नक्की. या तीन प्रश्नांची उत्तरं देणारा मेकॅनिक असेल तर त्याच्याकडेच काम कर. उत्तर टाळणारा असेल तर कणकवलीला, कुडाळला दुसरे आहेत.

आता हे सदर बाकीचेही वाचतात आणि सगळ्यांचा सस्स एकसारखा नसतो, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. आवाज गाडी तापल्यावरच येत असेल, चढ चढून थांबल्यावर किंवा इंजिन बंद केल्यावर वाढत असेल, गोडसर वास आणि पांढरी वाफ असेल, तर ते कूलंट आहे. गाडी बाजूला घ्या, एसी बंद करा, इंजिन बंद करा आणि झाकणाला हात लावू नका. साधं पाणी १०० डिग्रीला उकळतं पण रेडिएटरमध्ये झाकण दाब धरून ठेवतं, जवळजवळ एक जास्तीच्या वातावरणाएवढा, त्यामुळे आतलं पाणी १२० डिग्रीच्या आसपासपर्यंत न उकळता राहतं. तुम्ही झाकण फिरवलंत की दाब एका क्षणात जातो आणि पाणी एकदम उकळून वाफेसकट अंगावर येतं. मी कामाला लागलो त्या दुसऱ्या वर्षी आंबोली घाटात गिऱ्हाइकाला घाई होती म्हणून ओल्या फडक्याने झाकण उघडलं, उजव्या हाताची कोपरापर्यंतची कातडी सोलून आली, दोन महिने पाना धरता आला नाही, आणि तो डाग अजून आहे. पाऊण तास थांबा. रेडिएटरचा वरचा पाइप हाताला सोसेल इतका गार झाला आणि दाबल्यावर मऊ लागला की मगच, जाड फडक्याने, हळूहळू. तापलेल्या इंजिनमध्ये ओढ्याचं गार पाणी एकदम ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. गार झाल्यावर अडचणीला विहिरीचं पाणी चालेल, पण घरी पोचून ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धंअर्धं भरा, नाहीतर आतून क्षार आणि गंज साचून रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. सांडलेलं कूलंट पाण्याने धुवून टाका, गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात.

डिझेल टर्बो गाडी असेल आणि सस्स फक्त चढावर जोर दिल्यावर येत असेल, गाडी ओढत नसेल, मागून काळा धूर येत असेल तर टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा मोठा पाइप फाटलाय किंवा निसटलाय. तुझ्या उलट, तिथे हवा आतून बाहेर पळते, म्हणून रेस दिल्यावर आवाज वाढतो. इंजिनजवळ फट फट असा आवाज, थंड असताना जास्त, आणि काजळीचे काळे डाग, तर एक्झॉस्टचं गॅस्केट, धूर आत येतो म्हणून लवकर करून घ्या. आणि एसी बंद केल्यावर डॅशबोर्डमागे पाचदहा सेकंद सस्स होऊन थांबलं तर तो गॅसचा दाब बरोबर होत असतो, काही करायचं नाही.

परत तुझ्याकडे येतो. काम झाल्यावर, कोल्हापूरला जायच्या आधी, त्या तीन ब्रेकच्या टेस्ट परत स्वतः कर, मेकॅनिक "झालं" म्हणाला तरी कर. मग नांदगावपर्यंत एक चक्कर मार आणि मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या स्पीडला दोनतीनदा ब्रेक लावून बघ, बाबांनाही लावायला दे, त्यांच्या पायाला फरक लगेच कळेल.

घाट उतरताना ज्या गियरने चढतेस त्याच गियरने उतर, दुसरा किंवा तिसरा, ब्रेक सतत घासत ठेवू नकोस, दाब, स्पीड कमी कर, सोड. न्यूट्रलला टाकून किंवा चावी बंद करून उतरणारे अजून आहेत आपल्याकडे, पेट्रोल वाचतं म्हणून. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गियर असताना पाय काढला की इंजिनला पेट्रोल जवळजवळ मिळतच नाही, म्हणजे न्यूट्रलने काही वाचत नाही. आणि चावी बंद केली की बूस्टरचा व्हॅक्यूम दोनतीन ब्रेकमध्ये संपतो, पॉवर स्टीअरिंग जातं, चावी मागे फिरली तर स्टीअरिंग लॉकही होऊ शकतं. धडधाकट गाडीची अवस्था आपल्या हाताने तुझ्या आजच्या गाडीसारखी करून घेतल्यासारखं आहे ते. तुझ्या घरात कोणी असं करत असेल तर त्यांना हे वाचून दाखव.

आणि गॅरेजवाल्याकडून जुना पाइप मागून घे, फेकू देऊ नकोस. उजेडात धरून क्लिपजवळ वाकवून बघ, चीर कुठे होती ते दिसेल. दातांच्या रेघा दिसल्या तर त्याच संध्याकाळी गाडीची जागा बदल.